भाल्याएवढं अंतर

मागच्या खेपेला अकराशे चौदा जण होते.
रजिस्टर आहे माझ्याकडे, निळ्या पुठ्ठ्याचं,
पानं घामानं फुगलेली,
कारण बर्डीच्या हॉलमध्ये एसी बंद पडला होता
आणि तरी कोणी घरी गेलं नव्हतं.

आता दोनशेची परवानगी. तीही चार पाळ्यांत,
नंदनवनच्या शाळेच्या उघड्या मैदानात,
जिथे डिसेंबरचं ऊन दहा वाजेपर्यंत
चादरीसारखं ओढून घेता येतं.

गच्चीवर बैठक बसली. सहा जण, सहा कोपरे.
गच्चीला कोपरे चारच, म्हणून दोघं टाकीवर.
चुन्यानं गोल आखू, पल्लवी पराते म्हणाली.
"गोल कोण पायते बे," सुगत वरून ओरडला,
"झगा घातला का सोताचे पाय दिसत नाई."
मग जरा थांबून:
"भाला धरा आडवा. सहा फुटाचा.
तो तं आपल्याजोळ आधीपासूनच हाये."

इतकी वर्षं आम्ही पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवत होतो
आणि घरचे विचारत होते, याचा उपयोग काय.

मी रजिस्टर घेऊन फोन लावत बसलो.
नावं वाचून काही उमगेना.
यातला राखाडी सेनापती कोण?
पंख जळलेली अभ्रकराणी कोणती?
आम्ही एकमेकांना कधी घरच्या नावानं हाक मारलीच नव्हती.
एक आई म्हणाली, "नाई येत तो आता. मोठा झाला. बँकेत लागला."
मी म्हणालो, वा!
इतक्या जोरात, की ती घाबरली.
नुसताच मोठा झालेला कोणीतरी.
त्या दिवसांत ही केवढी चांगली बातमी होती.

गांधीबागेत मुनाफभाईकडे झगे टाकायला गेलो.
त्यांच्याकडे जांभळी मखमल शिल्लक नव्हती.
टाळेबंदीत तिचे मास्क कापले, चाळीस,
चौकातल्या पोलिसांना वाटले.
म्हणजे दोन महिने एक हवालदार
आमच्या खलनायकाच्या पाठीतून
लोकांना घरी जा म्हणत होता.

आणि मग तो रविवार.
फाटकावर मी, हातात ताप मोजायची बंदूक.
थर्माकोलचा यंत्रमानव आला, कपाळ पुढे केलं.
बंदूक काहीच बोलेना.
"मुखवटा काढ! मास्क नको काढू! मुखवटा!"
दिवसभर हेच ओरडत होतो,
शेवटी माझंच मला कळेनासं झालं
दोन्हींत काय फरक.

देवाजी निमजे उमरेडहून आले, एकाहत्तर वर्षांचे,
पडद्यामागे बसले. त्यांनीच तर हे सगळे जण काढलेत,
आधी शाईनं.
सही केलेलं पान गुंडाळून
पाइपातून खाली सोडायचं ठरलं.
रेशनवाल्याचाच पाइप, ज्यातून तांदूळ घरंगळले होते.
त्यांना धड ऐकू येत नाही, ओठ मास्कखाली.
"पोट्टेहो, नाव मोठ्यानं सांगा! तुमचं! त्याचं नोको!"

मग मैदानभर, भाल्याएवढ्या अंतरावरून
सेनापती ओरडला: तुषार खापेकर!
राणी ओरडली: मृणाल गजभिये!
यंत्रमानव, आतून घुमत: हेमराज बावनकुळे!
आणि बाकीचे मान वळवून पाहू लागले,
अच्छा, तू होय.
दहा वर्षांत पहिल्यांदा.

चौथी पाळी अंधारात सुटली. तर्री पोह्याचा ठेला
फाटकाबाहेर होता, तिथे मात्र भाले
भिंतीला टेकवून ठेवले होते सगळ्यांनी. मी पाहिलं. बोललो नाही.

रात्री रजिस्टरात रकाने भरले: नाव, वेळ, ताप.
एक रकाना मी हातानं ओढून वाढवला:
कोण होऊन आला होता.
जुन्या पानांवर काही नावांपुढे
"नंबर बंद" लिहिलं होतं.
ते पेन्सिलनं लिहिलं होतं.
तसंच राहू दिलं.