पान सातवे

हार्टलपूलमध्ये विनिफ्रेड गार्बट
स्वयंपाकघरातही कोट घालूनच बसते.
फॉर्म मी आणलेला, पेन तिचं.
"माझ्याहून गरजू आहेत ना गं कितीतरी,"
म्हणते, आणि हीटरकडे बघत नाही.

सातव्या पानावर विचारलंय:
अंघोळीला मदत लागते का?
ती लिहिते, नाही.
मनगटावरचा निळा डाग बाहीत सरकवते.

मी बिस्किटांचा डबा उघडते.
आत मासळीच्या कारखान्यातल्या पगारचिठ्ठ्या,
एकतीस वर्षांच्या, वास अजून धरून.
दर आठवड्याला कापून घेतलेले शिलिंग
मी बोटाने दाखवत जाते.

"हे कुणाचे, विनी?"

केटल उकळते. बंद पडते.
मग ती 'नाही' खोडते,
इतकं जोरात, की
आठव्या पानावरही उमटतं.