नोंद नाही

एकतीस वर्षं मी उंच खुर्चीच्या पायथ्याशी बसले,
न्यायमूर्ती व्हिटकंब यांच्या डाव्या हाताला,
लघुलेखनाच्या यंत्रावर बोटं ठेवून.
साक्षीदार रडला तर रडणं टिपायचं नसतं,
'विराम' एवढंच लिहायचं.
खोकला टिपायचा नाही. शिवी टिपायची.

डेल्फीन ट्रेटरच्या खटल्यात मी काहीच टिपलं नाही,
कारण खटला उभाच राहिला नाही.
ऑक्टोबरातला गुरुवार, बीट काढणीचे दिवस,
नेब्रास्काभर ट्रकांमागे चिखलाची ढेकळं सांडलेली.
तिचा दीर कागद घेऊन आला:
वहिनी भ्रमिष्ट झाली आहे,
तिला जपलं पाहिजे, आणि जमिनीला.
साहेब पार्किंगमध्ये होते, घरी निघालेले, इंजिन चालू.
कागद बॉनेटवर ठेवून सही केली.
बॉनेट गरम, म्हणून शाई लगेच वाळली,
असं दीर पुढे बारमध्ये सांगत असे.

एकोणीस दिवस ती सरकारी इस्पितळात होती.
बुटांच्या नाड्या काढून घेतल्या होत्या.
विसाव्या सकाळी डॉक्टर म्हणाला, हिला काहीच झालेलं नाही,
आणि नाड्या परत दिल्या, नाव घातलेल्या लिफाफ्यातून.

घरी घोडी होती, गाभण.
ती कशी सापडली ते डेल्फीन कुणाला सांगत नाही.
कुंपणाची वरची फळी मात्र तिनं मला दाखवली,
दातांनी कुरतडून पेन्सिलीएवढी बारीक झालेली.

मग तिनं दावा लावला. न्यायाधीशावर. आमच्या गावात!
खोगीर विकून फी भरली.
वर्षभरानं ओमाहाहून उत्तर आलं, अकरा पानी.
चूक असो, घाई असो,
मनात आकस असता तरीसुद्धा,
न्यायाधीश म्हणून जे केलं
त्याची भरपाई न्यायाधीशाकडून मागता येत नाही.
आदेश चुकला वाटत असेल तर अपील करा.
अपील तिनं आधीच केलं होतं. तिथे म्हणाले,
बाई, तुम्ही तर सुटलात,
आता वाद कसला उरला?

गावात म्हणतात, त्याला सात खून माफ.
तसं नाही. खुनाला फौजदारी लागली असती.
माफ आहे ती सही.

आणि हेही टिपलं पाहिजे, मी तिथे होते म्हणून:
याच माणसानं एका मार्चमध्ये
कत्तलखान्याच्या रात्रपाळीला
तीन वर्षांची बुडवलेली मजुरी मिळवून दिली.
कंपनीचे वकील जिन्यात म्हणाले,
दावे लावून तुमचं राहतं घर विकायला लावू.
साहेब हसले, आणि टोपी घालून जेवायला गेले.
ज्या भिंतीच्या आड ते हसले ती हीच.
इलिसेओ बारागान, उजव्या हाताला तीनच बोटं,
चेक धरून उभा होता.
विराम.
त्या दिवशी ती भिंत मला माझीच वाटली होती.

साहेब निवृत्त झाले तेव्हा लिंबाचा केक आला,
वर साखरेचा हातोडा. दांडा माझ्या वाट्याला आला.
मी खाल्ला. गोड होता, काय सांगू.

त्याच आठवड्यात डेल्फीन पाणीपट्टी भरायला आली,
तीच इमारत, खालचा मजला.
पाणीपट्टी भरून जिना चढून माझ्याकडे आली.
"त्या गुरुवारची नक्कल हवी. पानाला किती?"
"तीन डॉलर साठ. पण पानंच नाहीत."
"मग एक कोरं द्या."

मी दिलं.
तिनं सुटे पैसे मोजून ठेवले, साठ सेंटसुद्धा,
आणि पावती मागितली.
पावतीवर मी तारीख घातली
त्या गुरुवारची.

एकतीस वर्षांतली माझी ही एकच खोटी नोंद.
खुर्चीची माफी पायथ्यापर्यंत पोचत नाही,
माझ्यावर दावा लागू शकतो.
पत्ता तोच आहे. बेल बिघडलीय,
दार वाजवा.