कलम चौथे

नाव एवढं लांब की पाटीला दोन फळ्या लागल्या:
सातारा परस्पर गृहबांधणी व द्रव्यवर्धक मंडळी, मर्यादित.
'मर्यादित' रंगाऱ्याने कोपऱ्यात बारीक बसवलं,
जागाच उरली नव्हती.

भवानी पेठेत, कोऱ्यांच्या गुळाच्या वखारीवरची माडी.
सतरंजीला गुळाचा वास, दौतीला मुंग्या.
भिंतीवर राणीसरकार, किंचित तिरकी.
खिडकीत अजिंक्यतारा; माझ्या स्टुलावरून
तोही तिरकाच दिसे.
रावबहादूर खुपेरकर आधी इंग्रजीत बोलले,
मग तेच मराठीत, निम्म्या वेळात.
एकाने आणली तर वीट, म्हणाले,
शंभरांनी आणली तर भिंत.
टाळ्या पडल्या.
जिन्याशी उभा बाबालाल गवंडी हळूच म्हणाला,
"आणि चुना?"

नियम मी उतरवले होते, मुंबईच्या कुठल्याशा मंडळीचे,
रात्री, दिव्याला तेल कमी असताना.
कलम चौथे: कोणीही इसम, वय वर्षे अठरा पुरी,
दरमहा दोन रुपये भरून भागीदार होईल.
कोणीही इसम.
मला दुसरा शब्द सुचला नाही. छापून आलं,
पेढ्यांबरोबर वाटलं,
कोणी वाचलं नाही.

एकाने वाचलं.
हवालदार भागनाक, पलटणीचा पेन्शनर,
सदर बझाराच्या मागे भाड्याच्या खोपटात राहणारा.
कोटावर तीन पदकं, गळ्यापर्यंत गुंड्या.
उंबऱ्याबाहेर थांबून त्याने चौथं कलम वाचलं,
मोठ्याने, परेडीवर हुकूम वाचतात तसं,
आणि उंबऱ्यावर बारा रुपये मांडले.
सहा महिन्यांचे, आगाऊ.
माडीवर पानाचा आवाजही थांबला.
शेवटी कोऱ्यांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं,
ओले रुपये उचलले,
एकेक दगडावर वाजवून पाहिला.
खणखणीत होते.
मी पावती लिहिली. क्रमांक त्रेसष्ट.

सहा महिन्यांनी पहिली सोडत.
ज्याची चिठ्ठी निघेल त्याला घर.
आदल्या संध्याकाळी रावबहादूर पानाला चुना लावत म्हणाले,
"निघालीच त्याची, तर बांधायचं कुठं?
कुणाच्या भिंतीला भिंत?"
मी काही बोललो नाही.
"हिशेब त्रेसष्टांचा ठेवा," ते म्हणाले,
"चिठ्ठ्या बासष्ट पुरेत."

कागद मी सवयीने त्रेसष्टच कापले होते.

रावबहादूरांच्या नातीने कळशीत हात घातला.
पोस्टातले गोंधळेकर निघाले, रडले, पेढे मागवले.
हवालदार जिन्यात उभा होता,
हातात घडी घातलेला नकाशा:
दोन खोल्या, एक पडवी, मापं पावलांत.
घडी तशीच खिशात ठेवून
त्याने पायऱ्या उतरताना मोजल्या.
मला ऐकू आल्या. चौदा.

पुढच्या सोडतीलाही तो आला. त्याच्या पुढच्याही.
नेहमी कोट, नेहमी जिना.
सातव्या सोडतीत माझं नाव निघालं.
मंगळवार तळ्याच्या वरच्या अंगाला बाबालालने बांधलं,
पूर्वेला दार.
गिलाव्याच्या दिवशी मी एक कागद खिशातून काढला
आणि परत ठेवला.
बाबालाल पाहत होता.
त्याने थापी धुतली, काही विचारलं नाही.

बाराव्या वर्षी मंडळी गुंडाळली.
ज्याचे त्याला परत, व्याजासकट.
पाटीच्या फळ्या कोऱ्यांनी गुळाच्या ढेपांखाली घातल्या.
हवालदार आला तेव्हा कोट सैल झाला होता,
पदकं दोनच.
तिसऱ्याचं काय झालं, विचारायचं राहिलं.
पैसे मी उंबऱ्यावर ठेवले,
हातात द्यायला हात पुढे झाला होता,
पण ठेवले.
त्याने दोनदा मोजले, अंगठा नको, सही करतो म्हणाला,
सही केली.
मग विचारलं, "ते चौथं कलम
अजून आहे का?"

आहे, म्हणालो मी.
छापलेलं आहे.