एकवीस टक्के

पावडर इतकी बारीक
की मुठीत धरली तरी मुठीत काहीच नसतं;
फक्त तळव्याच्या रेषा
एकाएकी पांढऱ्या दिसू लागतात.

"शिंक आली तर आधी सांग,"
गुंडुलाने मला पहिल्या दिवशी बजावलं.
थुरिंगियातल्या त्या शेडबाहेर बर्फ भुरभुरत होतं,
आत चाळणीखाली
त्याहून गुपचूप काहीतरी.

रबरी साच्यात भरायची, तोंड बांधायचं,
मग पाण्याचा दाब, सगळीकडून सारखा.
"एकाच अंगाने दाबलंस तर मनात ठेवतो,
भट्टीत वाकडा होऊन दाखवतो."

बाहेर येतो खडूचा गोळा.
इथले लोक त्याला हिरवा म्हणतात,
असतो पांढराफटक.
नखानेही ओरखडा उठतो.
आणि हा म्हणे कुणाच्या तरी खुब्यात बसून
वीस वर्षं जिने चढणार.

हवा त्याहून मोठा घडवायचा,
बरोबर एकवीस टक्के.
"तेवढं आग खाते?"
"खात नाही रे. रिकामी जागा तेवढी काढून घेते."

दोन दिवस, दोन रात्री.
घाई केली तर आतला चिकटा
सापडेल त्या वाटेने निघतो, आणि वाट तशीच राहते.
वितळत मात्र काही नाही.
कण कणाला टेकतो,
टेकलेली जागा
रुंदावत जाते, इतकंच.

थंड झाले की गुंडुला एकेक उचलायची,
नखाने टिचकी,
उजवा कान जवळ.
मशीन तपासतंच, पण ती मशीनच्या आधी.
बद्द वाजला की टोपलीत,
एक शब्द न बोलता.

एकतीस वर्षं उभी राहून
तिचाच डावा खुबा झिजला.
फेब्रुवारीत दवाखान्यात जाताना म्हणाली,
"तुझ्या हातचा नको म्हणजे झालं,"
आणि हसली, आणि जिन्यावर थांबली.
त्या सबंध हिवाळ्यात
चाळणीवर मी एकटा होतो.

एप्रिलात आली. काठी दाराला टेकवली,
नखाने खुब्यावर टिचकी मारली,
मान कलती करून ऐकलं.
"ठीक आहे."

मग पर्समधून ते कार्ड काढून दाखवलं,
डॉक्टर देतात ते, तारखेचं, गोळ्याच्या क्रमांकाचं.
क्रमांकावर तिचा अंगठा होता.
तो तिने हलवला नाही.
मीही
चाळणी हलवायला लागलो.