चाचणी

पहाटे पाचला सिडकोतून निघते.
डब्यात बर्फाच्या पिशव्या, रिकाम्या नळ्या,
जांभळ्या टोपणाच्या, लाल टोपणाच्या, चार-दोन राखाडी.
गाडी शंभर सीसीची. दोन मालक झाले, तिसरी मी.
थंडीत चोक ओढायचा, चार किका मारायच्या,
पाचवीला ती खोकते
आणि खालच्या मजल्यावरचे पगार
झोपेतच कूस बदलतात.

परवा इस्माईल मिस्त्रीने तिला स्टँडवर घेतलं,
डोळे मिटून ऐकत राहिला,
डॉक्टर ऐकतो तसा.
म्हणाला, ताई, अजून एक पावसाळा.
फार तर.

तेव्हापासून आमच्या घरात दोन गाड्या उभ्या आहेत,
विकत न घेतलेल्या.

एक नवी, पेट्रोलची, तशीच शंभरची.
लिटरला साठ तर कुठे जात नाही,
आणि हरसूलच्या वाटेवरसुद्धा
कुणीतरी बाटलीत पेट्रोल विकतंच.
दुसरी विजेची.
बिनपरवान्याची, पंचविसाने रांगणारी नव्हे,
पाच किलोवॉटची, हिरव्या पाटीची,
मूठ जरा पिळली की रस्ता मागे.

खैरनार सेक्रेटरी म्हणाले, वायर गॅलरीतून सोडायची नाही.
जिन्याचा मीटर सगळ्यांचा.
मी म्हटलं, माझा मीटर खाली आणते, खर्च माझा.
ते म्हणाले, मिटिंगमध्ये बघू.
मिटिंग गणपतीनंतर.

निशिकांतने वही काढली, मधोमध रेघ मारली.
एका बाजूला पेट्रोल, ऑइल, चेनसेट,
दुसऱ्या बाजूला युनिट, हप्ता, आठ वर्षांनी बॅटरी.
रेघ हिरवीकडे झुकत होती.
मग त्याचं पेन थांबलं.
बारा वर्षं तो अंबडला पिस्टन तपासतो,
गेजमध्ये घालून, एकेक.
विजेच्या गाडीला पिस्टन नसतो.
हे कुठल्या बाजूला लिहायचं
त्याला कळलं नाही,
मीही विचारलं नाही.
वही मिटून तो सेकंड शिफ्टला गेला.

शोरूममधल्या बोरस्तेच्या पोराने किल्ली दिली,
मॅडम, सोमेश्वरपर्यंत जाऊन या, मग बोलू.
डबा मागे बांधलेला तसाच होता,
सकाळच्या अकरा जणांचा.
गंगापूर रोडला गाडी निघाली
आणि मला वाटलं, काहीतरी मोडलं.
किण. किण किण.
थांबून चाकं पाहिली, हँडल पाहिलं.
मग कळलं, नळ्या.
सहा वर्षं नेतेय ही माणसं पाठीमागे बांधून,
आणि एकमेकांना लागून ती अशी वाजतात
हे आज ऐकलं.
पुढे सावकाश चालवली.
खड्डा आला की पोटात धस्स व्हायचं.
एवढा वेग हाताशी, आणि मी तिसावर.
परत येऊन दोन हजारांचं टोकन भरलं.
का, ते बोरस्तेच्या पोराने विचारलं नाही, बरं झालं.

राहिले गिरणाऱ्याचे थेटे मास्तर.
मधुमेहाने नजर गेली, दर गुरुवारी उपाशीपोटी रक्त.
ते म्हणतात, तू कालव्याच्या पुलावर आलीस
की मी बाही वर करायला घेतो.
तू दारात, बाही कोपरावर.
अगदी बरोबर.
मी कधी दार वाजवलेलं नाही.

या गुरुवारी पुलावरच गाडी बंद केली.
उतार आहे. न्यूट्रलला टाकून सोडून दिली.
द्राक्षबागेवरून धुकं येत होतं,
चेन तेवढी कुरकुरत होती.
दारात उतरले.
मास्तर खाटेवर, दोन्ही हात मांडीवर,
बाही मनगटापर्यंत, बटण लावलेलं.
चेहरा पुलाकडे.

मी उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही.
डबा खाली ठेवला, हळूच ठेवला,
तरी आतल्या नळ्या लागल्याच.

मास्तरांनी मान वळवली.
म्हणाले, पेट्रोल संपलं का गं?
आणि बटण चाचपायला लागले.