शेरा

पहाटे निफाड सोडलं तेव्हा
द्राक्षबागांत शेकोट्या धुमसत होत्या,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
माणसांचं काय, माणसं कानटोपी घालतात.

दगूभाऊ मनोऱ्याखाली दुर्बिणीची तिपाई रोवतो.
चापडगावचा. बाप मासे धरायचा, हा पक्षी दाखवतो.
"जाळं तेच आहे ताई,
फक्त आता त्यात काही अडकत नाही."

धुकं जागोजाग फाटतं, आतून पाणी दिसतं.
थापट्या बदकं चोचीनं पाणी गाळत जातात,
चहा गाळता गाळता कोणी विचारात पडावं तशी.
तलवार बदकं डोकं खाली, शेपूट आभाळात.
चांदव्यांची भांडणं कालच्याच मुद्द्यावर.
आणि कडेला, पानकणसांत, हळदी-कुंकू :
ही बारमाही, इथलीच,
पंगतीत वाढत फिरणाऱ्या घरच्या बाईसारखी.
त्यांच्याकडे कोणी दुर्बीण वळवत नाही.

माझे वडील याच बंधाऱ्यावर कारकून.
अठ्ठावीस वर्षं त्यांनी पट्टीवरचं पाणी वाचलं.
बोटभर चढलं, नखभर उतरलं.
घरात कुणाची पातळी कधी विचारली नाही.

ते गेल्यावर तीन वर्षांनी
खात्याची रद्दी निघाली, तेव्हा एका शिपायानं
त्यांच्या नोंदवह्या आणून दिल्या, पोत्यात घालून.
दिनांक. पातळी. विसर्ग. शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
सरकारला नको असलेलं सगळं :
आज चक्रवाक जोडीनं. आज बदकं फार, गलका.
पट्टकादंब हे नाव त्यांना ठाऊक नव्हतं.
पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या रेघा पाहून
ते लिहीत : दोन-रेघी.
हिशेब मिळाला की बेरजेखाली मारतात, तशा रेघा.

नऊ जानेवारी, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
त्या संध्याकाळी निफाडच्या दवाखान्यात मी जन्मले.
नोंद : दरवाजे बंद. वारा उत्तरेचा. दोन-रेघी ४१.
माझ्याबद्दल काही नाही.
रकान्यात जागा होती.
दहा तारखेला एकच शब्द : रजा.
अकराला : दोन-रेघी ४२.

हे पान मी इतक्यांदा उघडलंय
की वही आता आपणहून तिथंच उघडते.

आईला विचारलं होतं, ती होती तेव्हा.
"पेढे? नाही बाई. बोललेसुद्धा नाहीत.
आले, तुझे तळवे मुठीत धरून बसले.
हात एवढे गार, तू किंचाळलीस."

दगूभाऊला बेचाळिसाचं सांगते.
तो हसत नाही.
"थवा असाच असतो ताई,
एखादं मागं राहतं. वाटेत कुठं उतरलं असेल.
दोन दिवसांनी येतं."

मग आवाज आधी, पक्षी नंतर.
रात्रभर हरभऱ्यात चरून ते परततात,
नाकात बोलत, एकमेकांना काहीतरी बजावत.
इथं येणाऱ्या प्रत्येकाला दगूभाऊ सांगतो
ते किती उंचावरून डोंगर ओलांडून येतात.
मला मात्र त्यांचे पाय बघायचे असतात :
पाण्याला टेकायच्या आधी पुढे काढलेले,
पिवळे, बोटं फाकलेली,
अंधारात पायरी चाचपावी तसे.

मोजते. अकरा. सतरा. सव्वीस.
अडतीस, आणि
पलीकडून हारीण गवतावर वाकडी होत येते.
सगळं पाणी एकदम उठतं,
थापट्या, तलवार, दोन-रेघी, सगळं एकात एक.
हळदी-कुंकू तेवढी थोडी दचकून
पुन्हा तिथंच बसतात.

"परत मोजू," दगूभाऊ म्हणतो,
आणि गणनेचा कागद पुढे करतो.
शेवटचा रकाना अजून त्याच नावाचा आहे.

लिहिते : धुकं. वारा उत्तरेचा.
दोन-रेघी अडतीस, मोजणी अपुरी.
पेन थांबतं. जागा उरलीय.
लिहिते : हात गार.