अडकित्ता

मोडीत घेतला तेव्हा ऐंशी रुपये,
लोखंडी पातं वजनातून वजा करून.
पितळेचा पोपट, एक डोळा गळालेला,
चोच अजून सुपारी मागते आहे अशी उघडी.
टिकेशनं खाटेवर ठेवून फोटो काढले,
मी सांगितलं तसंच खाली लिहिलं:
जुना, वापरलेला, एक डोळा नाही.
यात खोटं काय आहे?

रेंज फक्त गच्चीवर, टाकीच्या बाजूला.
चार रात्री घोंगडी घेऊन तिथं बसते.
तीनशे. सातशे. दोन हजार.
काल नऊ,
आज वाळलेलं धान पोत्यात भरेपर्यंत चौदा.
एक कुणी एस. लांजेवार,
दुसऱ्याला नावच नाही, नुसता नंबर.
एका धुऱ्यावरून भांडणाऱ्या भावांसारखे दोघं,
धुरा हातभर, कोर्ट भंडाऱ्याला.

लांजेवारनं परवा विचारलं,
ताई, मागच्या बाजूला 'सो' कोरलेलं आहे का?
बाबांचं नाव सोविंदा होतं.
मी चष्मा लावून पाहिलं.
ओरखडे आहेत दोन-तीन.
मान वाकडी केली तर 'सो', सरळ केली तर काही नाही.
कळवलं, काहीतरी आहे, पुसट.
हेही खरंच.
एवढंच लिहिलं नाही
की ते टिकेशनं खिळ्यानं ओढलेत,
आतून सोनं निघतं का बघायला.

होमराज म्हणतो, कायले जीव जाळतं?
तो का लेकरू हाय? पैसा त्याचा, बोट त्याचं.
साडी घेणाऱ्या बाईले दुकानदार म्हणते का,
बाई, घेऊ नको, तुले शोभत नाही?

नाही म्हणत.
पण माझा यादोराव मामा बैलबाजारात दलाल होता.
दुपट्ट्याखाली हात, बोटांनी भाव,
तोंडानं आपल्या लग्नकार्याच्या गोष्टी.
एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाचा हात मधेच सोडला.
घरी येऊन म्हणाला,
बोटं गार पडली होती त्याची, घरी न सांगता आला होता.
उद्या ये म्हटलं त्याले.
तो उद्या आला नाही.
मामी आठवडाभर मामाशी बोलली नाही,
आणि भाजीत तेल चमच्यानं मोजून टाकलं.

इथं हात लागत नाही कुणाचा.
हिरवा आकडा, त्याच्याखाली उलटं पळणारं घड्याळ.
लांजेवार घरी सांगून बसलाय की न सांगता,
काचेला काही कळत नाही.

आणि मी तरी कुठली मोठी!
जिनं हा पोपट मोडीत दिला
ती ऐंशी रुपये पदराला बांधून
वर एक स्टीलची वाटी मागत होती.
दारात बराच वेळ उभी होती.
मी दिली नाही.

पंचवीस मिनिटं उरली तेव्हा लिहून टाकलं:
भाऊ, तो 'सो' नाही. माझ्या पोराचा खिळा आहे तो.
ऐंशी रुपयांची वस्तू आहे. थांबा आता.
टाकीवर चढून पाठवलं, अडकू नये म्हणून.

उत्तर यायला वेळ लागला.
तेवढ्यात अठरा झाले होते.

ते राहू द्या ताई,
समोरचा कोण आहे तेवढं सांगा.

साडेअठरा.
खाली होमराज शेडच्या टिनांचा हिशोब
मोठ्यानं करतो आहे, मला ऐकू यावा असा.
एकोणीस.
सहा मिनिटं.

मी फोन मांडीवर पालथा घातला,
वरून पदर ओढला,
आणि पदराखाली हात पुढं करून बसून राहिले,
बोटं उघडी ठेवून.